दुसरी गोळी: अस्वलांच्या मुलखात रिव्हॉल्व्हर कसं निवडतात

जून उजाडला की अलास्काच्या केनाई द्वीपकल्पातल्या रशियन नदीत सॉकआय सॅमन चढू लागतात. त्यांच्या मागोमाग दोन प्रकारचे पाहुणे काठावर जमतात, गळ टाकणारी माणसं आणि तपकिरी अस्वलं. दोघांनाही तेच मासे हवे असतात, आणि बहुतेक वेळा दोघंही एकमेकांना समजून घेतात. तरी माणसांच्या अंगावर नजर टाकली तर कमरेला मिरचीच्या फवाऱ्याचा डबा दिसतो, आणि बऱ्याच जणांच्या छातीवर चामड्याच्या होल्स्टरमध्ये एक दांडगं रिव्हॉल्व्हर.

नवख्याला पहिला प्रश्न पडतो तो असा, की एवढं मोठं जनावर समोर येणार असेल तर रायफल का नाही? प्रश्न रास्त आहे. .३०-०६ ही अमेरिकेतली जुनी, सर्वसाधारण शिकारी रायफल. तिच्या गोळीत नळीतून बाहेर पडताना साधारण ३,९०० जूल ऊर्जा असते. प्रसिद्ध .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हरची गोळी जेमतेम १,३०० जूलवर थांबते, म्हणजे रायफलच्या एक तृतीयांश. पण रायफल झाडाला टेकवलेली असते, होडीत राहिलेली असते, पाठीवरच्या सॅकला बांधलेली असते. हातात गळ असतो, किंवा कापलेल्या हरणाचा मांड्यांचा भाग असतो. रिव्हॉल्व्हरचा गुण एकच, की ते तुमच्या अंगावर असतं. बाकी सगळ्या बाबतीत ती तडजोडच आहे, आणि हे आधी मान्य केलं की पुढची निवड बरीच सोपी होते.

दुकानाच्या काउंटरवर मात्र उलटं चालतं. गिऱ्हाईक विचारतं, "सगळ्यात मोठं कोणतं?" मी जे सांगणार आहे ते या प्रश्नाच्या विरोधात आहे. प्रश्न असा असायला हवा, की कोणत्या रिव्हॉल्व्हरने मी पहिल्या गोळीनंतर दुसरी गोळी लवकर आणि जागेवर मारू शकतो?

दोन वेगळी कामं

शिकार आणि वाटेवरचं स्वसंरक्षण ही दोन कामं लोक एका दमात बोलतात. तिथेच पहिली गल्लत होते.

शिकारीत वेळ तुमच्या हातात असते. अमेरिकेत रिव्हॉल्व्हरने मुख्यतः पांढऱ्या शेपटीचं हरीण आणि दक्षिणेकडे रानडुक्कर मारतात. शिकारी झाडावरच्या मचाणावर बसतो, मूठ कशावर तरी टेकवतो, हरीण आडवं उभं राहीपर्यंत थांबतो, आणि पटत नसेल तर चाप ओढतच नाही. अंतर बहुतेक ५० मीटरच्या आत. इथे लांब नळी चालते, वर दुर्बीण बसवलेली चालते, दोन किलो वजनही चालतं. गोळी छातीत फुलायला हवी, म्हणजे फुप्फुसाला मोठी इजा होऊन जनावर लवकर पडेल.

वाटेवरचा प्रसंग याच्या नेमका उलट. तपकिरी अस्वल ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास धावू शकतं, म्हणजे सेकंदाला १५ मीटर. पायवाटेच्या वळणावर ते ३० मीटरवर असेल आणि अंगावर यायचं त्याने ठरवलं, तर तुमच्याकडे दोन सेकंद आहेत. त्यात दचकणं, होल्स्टरचा पट्टा सोडणं, उचलणं, नेम धरणं हे सगळं बसवायचं. जनावर आडवं उभं नसतं, तोंड समोर करून, डोकं खाली घालून, उड्या घेत येत असतं. इथे दुर्बीण अडगळ ठरते, लांब नळी होल्स्टरमध्ये अडकते, आणि फुलणारी गोळी खांद्याच्या जाड स्नायूंत किंवा हाडावर लवकर अडकून थांबू शकते.

दोन्हीसाठी एकच हत्यार ठेवता येतं, पुष्कळ जण ठेवतातही. पण मग चार ते साडेपाच इंच नळीचं मधलं माप घ्यावं लागतं, आणि काडतुसं कामाप्रमाणे बदलावी लागतात.

नावातले आकडे

रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाच्या नावातला आकडा गोळीची जाडी इंचात सांगतो. निदान तसा दावा असतो. .४४ ची गोळी प्रत्यक्षात .४२९ इंच असते, आणि .३८ व .३५७ या दोन्हींची गोळी एकाच जाडीची. गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. साडेपंधरा ग्रेनचा एक ग्रॅम होतो. म्हणजे डब्यावर २४० ग्रेन लिहिलं असेल तर साडेपंधरा ग्रॅम.

या सगळ्या घराण्याचा मोठा भाऊ .४५ कोल्ट, १८७३ चा. त्याच्या पुंगळीत काळी दारू भरायची म्हणून ती लांबलचक केली, आणि आजही त्याचा प्रमाणित दाब कमी, १४,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) ठेवलेला आहे, कारण दीडशे वर्षांपूर्वीची हत्यारं अजून लोकांच्या घरात आहेत. १९३५ मध्ये स्मिथ अँड वेसन आणि विंचेस्टर यांनी .३५७ मॅग्नम आणलं. मग आलं .४४ मॅग्नम, आणि त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे.

आयडाहोत एल्मर कीथ नावाचा एक गुरं राखणारा, शिकारी आणि बंदुकांवर लिहिणारा माणूस होता. १९२० च्या दशकात जास्त दारू भरलेलं .४५ कोल्ट त्याच्या हातात फुटलं. तो .४४ स्पेशल या जुन्या, सौम्य काडतुसाकडे वळला. कारण साधं होतं. सिलिंडर, म्हणजे काडतुसं बसतात तो फिरता भाग, तेवढाच, पण भोक जरासं लहान, म्हणून भोकाभोवतीची पोलादी भिंत जाड राहते आणि जास्त दाब सोसते. त्यानंतरची कित्येक वर्षं तो .४४ मध्ये जड गोळी आणि जास्त दारू भरून मारत राहिला, आणि कंपन्यांच्या मागे लागला की हे काडतूस कारखान्यात बनवा. १९५५ मध्ये स्मिथ अँड वेसन आणि रेमिंग्टन यांनी ते बनवलं. पुंगळी .४४ स्पेशलपेक्षा मुद्दाम थोडी लांब केली, म्हणजे हे तगडं काडतूस चुकूनही जुन्या, नाजूक हत्यारात बसू नये. उलट बाजूने मात्र .४४ स्पेशल .४४ मॅग्नममध्ये निवांत चालतं. सरावाच्या दृष्टीने ही फार मोठी सोय आहे, पुढे येईलच.

त्यानंतर शर्यत लागली. वायोमिंगमधल्या फ्रीडम आर्म्सने १९८३ मध्ये .४५४ कसूलचं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं, आणि २००३ मध्ये स्मिथ अँड वेसनने .५०० मॅग्नम. मुख्य मंडळी शेजारी शेजारी ठेवली तर ऊर्जा साधारण अशी दिसते: .३५७ मध्ये ७५० जूल, .४४ मध्ये १,३००, .४५४ मध्ये २,३००, .५०० मध्ये ३,३०० च्या पुढे. दाब बघाल तर .४४ मॅग्नमची मर्यादा ३६,००० पीएसआय आणि .४५४ कसूलची ६५,०००, म्हणजे रायफलच्या बरोबरीची. काडतूस घेऊन ठेवायला काहीच हरकत नसते. हरकत असते ती हाताला.

धक्क्याचा हिशेब

शाळेतला संवेग आठवा. गोळी जितक्या संवेगाने पुढे जाते तितक्याच संवेगाने हत्यार मागे येतं. साडेपंधरा ग्रॅमची .४४ ची गोळी सेकंदाला ४१० मीटर वेगाने सुटते, शिवाय जळलेल्या दारूचा वायूही पुढे जातो. दोन्ही मिळून संवेग ७ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंदाच्या आसपास भरतो. सव्वा किलोचं पोलादी रिव्हॉल्व्हर असेल तर ते सेकंदाला साडेपाच मीटर वेगाने तुमच्या तळहातात येतं, २० जूल ऊर्जा घेऊन.

आता तेच काडतूस स्मिथ अँड वेसनच्या ३२९पीडी मध्ये घाला. स्कँडियम मिसळलेल्या अ‍ॅल्युमिनियमचं हे रिव्हॉल्व्हर ७१० ग्रॅमचं आहे. काडतूस बदललं नाही, अस्वलाला लागणारी गोळी बदलली नाही, पण हत्यार आता सेकंदाला दहा मीटर वेगाने मागे येतं आणि ३५ जूल हातात ओततं. धक्का पावणेदोन पट. दुकानात हे हत्यार हातात घेतलं की माणूस प्रेमात पडतो, कारण डोंगर चढताना अर्धा किलो कमी म्हणजे चैन. पण पूर्ण ताकदीच्या काडतुसाची पहिलीच गोळी झाडल्यावर पुष्कळांच्या मनगटाला कळ येते, आणि तिसऱ्या गोळीला चाप ओढण्याआधीच मनगट खाली जायला लागतं. याला नेमबाज भेदरणं म्हणतात. हात धक्क्याची वाट पाहतो आणि नेम आधीच बिघडवतो. भेदरलेल्या हाताची गोळी दहा मीटरवर वीतभर खाली जाते.

.५०० चं उलट दुखणं. साडेआठ इंची नळीचं ते रिव्हॉल्व्हर दोन किलोच्या वर आहे, म्हणून धक्का वजनात विरतो, तरीही .४४ च्या पोलादी हत्याराच्या तिपटीजवळ जातो. ते छातीवर बांधून दिवसभर चालायचं म्हणजे आणखी एक पाण्याची बाटली भरून घेतल्यासारखं, फक्त ही बाटली रिकामी होत नाही.

म्हणून माझा सल्ला ज्याला विचाराल तोच येईल. पहिल्यांदा घेणाऱ्याने .४४ मॅग्नम घ्यावं, पोलादी, सव्वा किलोच्या आसपासचं, आणि सुरुवात .४४ स्पेशलने करावी. स्पेशलचा धक्का निम्म्याहूनही कमी असतो. हात तयार झाला की मध्यम भराईचं मॅग्नम, आणि मग जंगलात न्यायचं तेच काडतूस. एक बारीक खबरदारी. आखूड स्पेशल बऱ्याच मारल्यावर सिलिंडरच्या भोकात पुढे जळक्याचं कडं जमतं, आणि नंतर लांब मॅग्नम पूर्ण आत जात नाही. ब्रशने घासून काढायचं, एवढंच.

परीक्षा घरची घ्या. जेवणाची कागदी प्लेट दहा मीटरवर टांगा. होल्स्टरमधून काढून तीन सेकंदांत दोन गोळ्या प्लेटमध्ये बसतात का? बसत असतील तर ते हत्यार तुमचं आहे. पहिली बसते आणि दुसरी आकाशात जाते, तर एक पायरी खाली उतरा, त्यात कमीपणा नाही. जड गोळीचं .३५७ नीट मारणारा माणूस काळ्या अस्वलाच्या मुलखात, .५०० ला भेदरणाऱ्या माणसापेक्षा जास्त सुरक्षित आहे. तपकिरी अस्वलासाठी मात्र .३५७ अगदी काठावरचं, तिथे.४४ पासून पुढे विचार करावा.

आणि कानांत बोळे घातल्याशिवाय सराव नाही. १४० डेसिबलच्या वरचा एकच आवाज कायमचं नुकसान करू शकतो, आणि मॅग्नम १६० च्या आसपास बोलतं.

गोळीचं नाक

हत्यारावर लोक महिने घालवतात आणि काडतूस जे शेल्फवर असेल ते उचलतात. खरं तर काम गोळी करते.

हरणासाठी पोकळ नाकाची, तांब्याच्या वेष्टनाची गोळी उत्तम. शरीरात शिरताच तिचं नाक मागे उमलतं, व्यास वाढतो, आणि हरणासारख्या हलक्या अंगाच्या जनावराच्या फुप्फुसात ती रुंद वाट करते. .४४ मध्ये २४० ग्रेनची अशी गोळी हे जणू ठरलेलंच गणित आहे.

तेच उमलणं अस्वलासाठी घात करू शकतं. समोरून येणाऱ्या तपकिरी अस्वलाला थांबवायचं तर मेंदू किंवा पाठीचा कणा गाठावा लागतो, नाहीतर खांद्याचं हाड मोडावं लागतं. वाटेत दाट केस, चरबी, पंजाला ताकद देणारे स्नायू आणि उतरत्या कवटीचं हाड. म्हणून इथे कडक ओतीव शिशाची गोळी वापरतात. शिशात कथील आणि अँटिमनी मिसळलं की ते इतकं कडक होतं की आदळल्यावरही आकार फारसा सोडत नाही. वजन ३०० ग्रेनच्या आसपास, आणि नाक सपाट.

नाक सपाट का, हे बघण्यासारखं आहे. गोल नाकाची गोळी मांसाला बाजूला सारत जाते, आणि एखाद्या हाडाला तिरकी लागली की वाट सोडते. सपाट नाकाची गोळी कागद पंच करणाऱ्या यंत्रासारखी समोरचं कापत जाते, आणि पुढचा दाब सगळ्या बाजूंनी सारखा असल्यामुळे सरळ राहते. कीथनेही स्वतःच्या गोळीला सपाट नाक आणि मागे धारदार खांदा दिला होता, तो यासाठीच. आज बफेलो बोअर किंवा अंडरवुडसारख्या कंपन्या अशी काडतुसं तयार विकतात. किंमत साध्या काडतुसाच्या दुप्पट-तिप्पट, म्हणून सराव स्वस्त काडतुसाने आणि खिशात हे, असं बहुतेक जण करतात. पण त्याच काडतुसाची एक तरी पेटी स्वतःच्या हत्यारातून झाडून बघायला हवी, दोन कारणांसाठी.

पहिलं, जड गोळी आणि हलकी गोळी एकाच ठिकाणी लागत नाहीत. जड गोळी नळीत जास्त वेळ राहते, तेवढ्यात नळी धक्क्याने वर उचलली जाते, आणि गोळी निशाणाच्या वर लागते. नेम धरायच्या खुणांची जोडणी बदलावी लागते.

दुसरं कारण जास्त गंभीर. एक गोळी सुटते तेव्हा सिलिंडरमधली बाकीची पाच काडतुसं हत्याराबरोबर झटक्याने मागे जातात, आणि त्यांच्यातल्या जड गोळ्या जागच्या जागी राहू पाहतात. पुंगळीचं तोंड गोळीला पुरेसं घट्ट आवळलेलं नसेल तर गोळी प्रत्येक धक्क्याला थोडी थोडी पुढे सरकते. सरकत सरकत सिलिंडरच्या बाहेर डोकावली की सिलिंडर फिरत नाही आणि हत्यार अडकतं. हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये हे जास्त होतं. तपासणी सोपी आहे. सहा काडतुसं भरा, पाच झाडा, सहावं बाहेर काढून व्हर्निअर कॅलिपरने लांबी मोजा. भरण्याआधी मोजलेल्या लांबीशी जुळली तर ठीक. वाढलेली असेल तर ते काडतूस त्या हत्यारासाठी नाही, मग जाहिरात काहीही म्हणो.

.४५ कोल्ट घेणाऱ्यांसाठी एक वेगळा इशारा. बाजारात ".४५ कोल्ट +पी, फक्त रूगरसाठी" असं लिहिलेली जहाल काडतुसं मिळतात. रूगरच्या ब्लॅकहॉकसारख्या जाड सिलिंडरच्या हत्यारात ती .४४ मॅग्नमची बरोबरी करतात. जुन्या कोल्टमध्ये किंवा त्याच्या नकलेत घातली तर सिलिंडर फुटू शकतो. पुंगळी तीच, बसते बरोबर, म्हणून डब्यावरचं वाचणं हाच काय तो अडथळा.

कॅलिफोर्नियात शिकार करणाऱ्यांनी शिसं विसरावं. १ जुलै २०१९ पासून त्या राज्यात शिकारीसाठी शिसेविरहित काडतूसच वापरावं लागतं. मेलेल्या जनावरातले शिशाचे कण खाऊन काँडोर गिधाडं मरत होती, हे त्यामागचं मुख्य कारण. त्यांच्यासाठी पूर्ण तांब्याच्या गोळ्या आहेत, उमलणाऱ्याही आणि भरीवही.

चाप, नळी, होल्स्टर

सिंगल अ‍ॅक्शनमध्ये प्रत्येक गोळीआधी अंगठ्याने घोडा मागे ओढावा लागतो. डबल अ‍ॅक्शनमध्ये नुसता चाप ओढला तरी घोडा उठतो आणि पडतो. शिकारीला सिंगल अ‍ॅक्शन झकास. स्वस्त, मजबूत, आणि मुठीच्या आकारामुळे धक्क्याने हातात वर गरकन फिरते, त्यामुळे हाताला कमी लागतं. अंगावर आलेल्या जनावरासाठी मात्र डबल अ‍ॅक्शनच. चाप पाच किलोच्या आसपास जड असतो, म्हणून सराव त्याचाच करायचा. सवय नसली की पहिली गोळी हमखास डावीकडे खाली जाते. जुनं सिंगल अ‍ॅक्शन कुणी देत असेल तर एवढं लक्षात ठेवा, की १९७३ पूर्वीच्या रूगरमध्ये आणि कोल्टच्या जुन्या घडणीत घोडा रिकाम्या भोकावर ठेवून पाचच काडतुसं भरतात. आदळलं तर उडू शकतं.

नळीच्या बाबतीत चार इंच हे वाटेवरचं माप. अडीच इंची नळीचं रूगर अलास्कन छातीवर छान बसतं, पण वेग गमावतं आणि तोंडाशी मोठा जाळ काढतं. शिकारीला साडेसात इंची नळी, आणि दुर्बीण लावायची तर हाताच्या अंतरावरून दिसणारी, म्हणजे रिव्हॉल्व्हरसाठीच बनवलेली. रायफलची दुर्बीण त्या अंतरावरून काही दाखवत नाही.

बोटांची जागा शिकल्याशिवाय मॅग्नमला हात लावू नये. सिलिंडर आणि नळी यांच्यामध्ये बारीक फट असते आणि त्यातून पेटता वायू दोन्ही बाजूंना कापत बाहेर येतो. ऑटोमॅटिक पिस्तूल धरणारे आधाराच्या हाताचा अंगठा पुढे ठेवतात. तीच सवय इथे आणली तर अंगठा भाजतो,.५०० च्या फटीपाशी तर फाटतोही.

होल्स्टर छातीवरचंच का, तर पाठीवरच्या सॅकचा कमरपट्टा कमरेची जागा अडवतो, पाण्यात उतरलं तर कमर भिजते, आणि जनावराने खाली पाडलं तरी छातीपर्यंत हात पोचतो. दोन्ही हातांनी काढता येतं का, तेही बघून घ्यावं.

पिस्तुलाचा पक्षही ऐकला पाहिजे. १० मिमी ऑटो चालवणाऱ्या ग्लॉक २० मध्ये १५ गोळ्या राहतात, धक्का सोसवतो, आणि ग्रीनलंडमध्ये कुत्र्यांच्या स्लेजवरून गस्त घालणारं डेन्मार्कचं सीरियस पथक ध्रुवीय अस्वलांसाठी तेच बाळगतं. भरपूर सराव करणाऱ्याने त्याचा जरूर विचार करावा. रिव्हॉल्व्हरची बाजू एवढीच की ते जनावराच्या अंगाला टेकवून झाडलं तरी उडतं. पिस्तुलाची सरकती कड तशी मागे दाबली गेली तर उडत नाही. आणि एखादं काडतूस न उडालं तर रिव्हॉल्व्हरला पुन्हा चाप ओढणं पुरतं.

आधी डबा

इतकं वाचून कुणी मिरचीच्या फवाऱ्याच्या डब्याला कमी लेखत असेल तर थांबा. अलास्कातल्या १९८५ ते २००६ मधल्या घटनांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. मिरचीच्या फवाऱ्याने तपकिरी अस्वलांचं नको असलेलं वागणं ९२ टक्के वेळा थांबलं, काळ्या अस्वलांचं ९० टक्के वेळा, आणि फवारा जवळ असलेल्या ९८ टक्के माणसांना खरचटलंही नाही. वाऱ्याने खोळंबा केला तो ७ टक्के घटनांत, तरी फवारा अस्वलापर्यंत पोचलाच. त्याच गटातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये बंदुकांच्या १८८३ ते २००९ मधल्या २६९ घटना तपासल्या. लहान हत्यारांचं यश ८४ टक्के, रायफल-बंदुकांचं ७६ टक्के. आणि बंदूक वापरणारे व न वापरणारे सारख्याच प्रमाणात जखमी झाले होते.

हे दोन आकडे एकमेकांसमोर ठेवून भांडणं मात्र चुकीचं आहे. फवाऱ्याच्या घटनांत नुसतं हुंगायला आलेली अस्वलंही आहेत. बंदुकीच्या घटना बहुतेक चिडलेल्या अस्वलांच्या. तरी एवढं स्पष्ट आहे, की फवाऱ्याचा नऊ मीटर लांब ढग नेम चुकला तरी काम करतो, आणि डब्याला भेदरणारं मनगट लागत नाही. उजव्या हाताला डबा, छातीवर रिव्हॉल्व्हर, हाच क्रम बरा.

विमानाने जाणाऱ्यांना इथे एक गंमत कळते. कुलूपबंद कडक पेटीत, रिकामं, काउंटरवर सांगून रिव्हॉल्व्हर चेक-इन सामानात नेता येतं. फवारा मात्र कोणत्याच सामानात चालत नाही. तो अँकरेजला उतरून विकत घ्यायचा.

कागद

अमेरिकेतली आपली बरीच मंडळी एच-१बी वर आहेत, आणि त्यांना हे सांगणारं सहसा कुणी भेटत नाही: तात्पुरत्या व्हिसावरच्या परदेशी माणसाला तिथे बंदूक किंवा काडतूस बाळगायला संघराज्याच्या कायद्याने बंदी आहे. महत्त्वाचा अपवाद एखाद्या राज्याच्या वैध शिकार परवान्याचा. तो असेल तर मुभा मिळते. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी लागू नाही. चूक झाली तर प्रकरण व्हिसापर्यंत जातं, म्हणून मित्राचं हत्यार हातात घेण्याआधीसुद्धा वकिलाला विचारलेलं बरं.

रिव्हॉल्व्हर स्वतःच्या राज्याबाहेर विकत घेऊन तसंच उचलून नेता येत नाही. ते तुमच्या राज्यातल्या परवानाधारक दुकानातूनच हाती येतं. अलास्कात, अमेरिकेचे नागरिक नसलेल्या आणि अमेरिकेत कायमचं घर नसलेल्यांना कोणत्याही मोठ्या जनावराच्या शिकारीला परवानाधारक गाइड सोबत लागतो. आणि कॅनडातून गाडीने अलास्काला जायचा बेत असेल तर रिव्हॉल्व्हर घरी ठेवा. तिथे छोट्या हत्यारांचे नियम फार कडक आहेत, आणि २०२२ पासून त्यांची खरेदी-विक्रीही गोठवलेली आहे.

यलोस्टोनसारख्या राष्ट्रीय उद्यानांत फेब्रुवारी २०१० पासून त्या त्या राज्याच्या कायद्याप्रमाणे हत्यार बाळगता येतं, पण झाडणं तिथे गुन्हाच आहे. अलास्का सोडून खालच्या ४८ राज्यांतलं ग्रिझली, म्हणजे तपकिरी अस्वलच, १९७५ पासून संरक्षित आहे, आणि जीव वाचवण्यासाठीच मारलं हे तुम्हाला दाखवून द्यावं लागतं. आपल्याकडे तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे हा सगळा विषय बंदच. मेळघाटात अस्वल दिसलं तर फॉरेस्ट गार्डच्या मागे उभं राहायचं.

अलास्कात स्वसंरक्षणासाठी अस्वल मारलं तर ते तुमचं होत नाही. कातडं आणि कवटी सोडवून, जिथे पडलं तिथून वाहून आणून, राज्याच्या वन्यजीव खात्याकडे जमा करावी लागते, आणि १५ दिवसांच्या आत लेखी माहिती द्यावी लागते. मोठ्या तपकिरी नराचं ओलं कातडं माणसाच्या वजनाच्या जवळ जातं, आणि ते उचलायला दोघं तरी लागतात.